एमबीतली सही : खान्देशातल्या अभियांत्रिकी प्राध्यापकांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य, विभागप्रमुख आणि सर्व अध्यापक यांस,

स.न.वि.वि.

मी निवृत्त उपअभियंता आहे. नोकरीची बहुतेक वर्षं ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कामांवर गेली : विहिरी, टाक्या, पाइपलाइनी. निवृत्तीनंतर सहा वर्षं आपल्यापैकीच दोन महाविद्यालयांत पाहुणा व्याख्याता म्हणून जातो आहे. 'व्यावसायिक नीतिमत्ता' हा विषय तिथे कुणी घ्यायला तयार नव्हतं, तो मी मागून घेतला. या सहा वर्षांत वर्गात जे पाहिलं, ते आपल्यापुढे एकदा नीट मांडावं म्हणून हे पत्र लिहितो आहे.

गेल्या हिवाळी सत्रात माझ्याकडे साठ उत्तरपत्रिका आल्या. एक प्रश्न होता : 'अभियंत्याची समाजाप्रती जबाबदारी स्पष्ट करा.' साठपैकी पन्नासहून अधिक मुलांचं पहिलं वाक्य एकच होतं. सार्वजनिक सुरक्षितता, आरोग्य आणि हित यांना अभियंत्याने सर्वोच्च प्राधान्य द्यावे. वाक्य बरोबर आहे, गुण द्यावेच लागले. पण त्याच आठवड्यात, त्याच इमारतीत, त्याच मुलांचं सबमिशन चालू होतं. काँक्रीट टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेबाहेरच्या कट्ट्यावर बसून मुलं जर्नल उतरवत होती. क्यूब (ताकद तपासायला भरलेला काँक्रीटचा ठोकळा) फुटण्याचं रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलातून घेतलेलं, त्यात एक-दोन आकडे इकडेतिकडे केलेले. संध्याकाळपर्यंत त्या सगळ्या पानांवर तारखेसह सह्या झाल्या. सही करणारे सर सज्जन आहेत, माझे मित्रही आहेत. त्यांच्यापुढे शंभर जर्नलं होती आणि दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक येणार होते.

ते दृश्य पाहून मला १९८७ चा मार्च आठवला, आणि तो आठवला की अजूनही पोटात खड्डा पडतो.

नोकरीत लागून तीन वर्षं झाली होती. एका गावाच्या नळयोजनेचं काम माझ्याकडे होतं. विहिरीपासून गावातल्या टाकीपर्यंत पाइपलाइन, चारीची खोली एक मीटर. मार्चअखेर होती, बिल ३१ तारखेच्या आत निघालं नाही तर निधी परत जाणार होता. सरकारी कामावर मोजमाप पुस्तिका असते, आम्ही तिला एमबी म्हणतो. तिच्यात कनिष्ठ अभियंत्याने स्वतः मोजून आकडे लिहायचे आणि सही करायची. त्या सहीवर पैसे निघतात. मी रस्त्याकडेला तीन ठिकाणी खोली मोजली. ती बरोबर भरली. पुढचा शेतातला सातशे मीटरचा तुकडा पाहायला गेलो नाही. ऊन होतं, जीप परत पाठवायची होती, आणि ठेकेदाराचा मिस्तरी म्हणाला, "साहेब, सगळी सारखीच आहे." मी एमबीत एक मीटर लिहिलं आणि सही केली. पैसे घेतले नव्हते. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे नीतिमत्तेचा विषय निघाला की तो लाचेपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो.

त्या सातशे मीटरमध्ये अर्ध्या वाटेत काळा दगड लागला होता. तिथे पाइप हात-दीड हातावर टाकून माती लोटली होती. मे महिन्यात एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरने नांगरट काढली आणि पाइप फुटला. अकरा दिवस गावाला पाणी नव्हतं. बायका दोन किलोमीटरवरच्या मळ्यातल्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणत होत्या, त्यांत एक बाळंतीण होऊन महिनाही न झालेली मुलगी होती. मी तिला पाहिलं. मला शिक्षा झाली नाही. ठेकेदाराने पाइप बदलून दिला, फाइल बंद झाली.

शिक्षा झाली ती घरी. माझे वडील पांझरेच्या काठी आमच्या गावी पाटकरी होते. आपल्यातले अनेक प्राध्यापक पुण्या-मुंबईकडून, विदर्भातून आलेले आहेत, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षं फड पद्धत चालली. नदीत बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी, म्हणजे पाणी कमी पडून एखादा फड पडीक ठेवायची वेळ आली तर तोटा सगळ्यांना वाटून यायचा. आणि मुख्य म्हणजे कुणीही स्वतःच्या हाताने पाट फोडून पाणी घ्यायचं नाही. ते पाटकऱ्याने द्यायचं. पाटकऱ्याचं पोट गाव भरतं, म्हणून तो कुणा एकाचा नाही. जलव्यवस्थापन शिकवताना आपण परदेशातली उदाहरणं काढतो, आणि साक्री तालुक्यातल्या मुलाला स्वतःच्या आजोबांनी चालवलेली ही यंत्रणा ठाऊक नसते. धरणं झाली, विहिरी आणि मोटारी आल्या, बरेच फड मोडले.

वडिलांची एक सवय होती. पाळी संपली की पाट बंद करायच्या आधी ते चालत शेवटच्या शेतापर्यंत जायचे. पावसाळी गारठा असो, रात्र असो. वरच्या शेतकऱ्याने "भिजलं सगळं" म्हणून ओरडून सांगितलं तरी जायचे. पाइप फुटल्याचं त्यांना कळलं तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं : "तू सोता गया व्हता का?" तू स्वतः गेला होतास का? मी गप्प राहिलो. ते पुढे काही बोलले नाहीत. उरलेल्या बत्तीस वर्षांत मी न पाहिलेल्या मोजमापावर सही केली नाही. बदल्या झाल्या, दोनदा ठेकेदारांनी वरपर्यंत तक्रारी केल्या, पण ते एक पाळलं. शासनाचे नियम त्या मार्चमध्येही मला पाठ होते. ते आड आले नाहीत. वडील आड आले.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक मुलाच्या घरात असं कुणीतरी असतं. वर्गात नीतिमत्ता शिकवायची तर तिथून सुरुवात करू या.

हे मी करून पाहिलं आहे. पहिल्या तासाला मी पुस्तक उघडत नाही. प्रत्येकाला अर्धा कागद देतो आणि विचारतो : तुमच्या घरात असं कोणतं काम आहे, जे नुकसान झालं तरी कुणी करणार नाही? आणि ते तुम्हाला कुणी शिकवलं? नाव घालायचं नाही, मोठ्याने वाचायची सक्ती नाही. आधी मी माझी एमबीची गोष्ट सांगतो, सगळी, बाळंतिणीसकट. शिक्षकाने स्वतःचं काही उघडं केल्याशिवाय मुलं खरं लिहीत नाहीत, हा माझा अनुभव आहे. पहिल्या वर्षी मी ती गोष्ट न सांगता कागद वाटले होते, तेव्हा साठ कागदांवर 'सत्य', 'प्रामाणिकपणा', 'कष्ट' असे शब्द आले होते, शाळेच्या भिंतीवर असतात तसे.

गोष्ट सांगितल्यावर जे आलं ते निराळं होतं. दाळ मिलमध्ये हमाली करणाऱ्या बापाच्या मुलाने लिहिलं, की बाप फाटकं पोतं कधी तसंच थप्पीला लावत नाही, आधी शिवतो, कारण रात्री ते सुटलं तर खालच्या माणसाच्या अंगावर येईल. अमळनेरकडच्या एका मुलीने लिहिलं, की आई ब्लाउज शिवून उरलेला कापडाचा तुकडा, बोटभर असला तरी, गिऱ्हाइकाला परत देते. एस.टी. चालकाच्या मुलाने लिहिलं, की ब्रेकबद्दल शंका आली तर वडील गाडी डेपोबाहेर काढत नाहीत, उशिराचा मेमो घेतात. या मुलांना मी एवढंच सांगतो की तुम्ही लिहिलंत ते अभियांत्रिकीच आहे. फाटकं पोतं म्हणजे सुरक्षितता. कापडाचा तुकडा म्हणजे साहित्याचा हिशेब. ब्रेकचा मेमो म्हणजे वेळापत्रकापुढे न झुकलेला तांत्रिक निर्णय. मग जेव्हा परदेशी आचारसंहितेतलं 'सार्वजनिक सुरक्षितता' हे वाक्य फळ्यावर येतं, तेव्हा ते त्यांना ओळखीचं वाटतं.

इथेच थांबलो असतो तर हे पत्र लिहायची गरज नव्हती. 'घरचे संस्कार' म्हणून गौरव करायला आपल्याकडे व्यासपीठांची कमी नाही. दुसऱ्या तासाचा प्रश्न अवघड असतो : तुमच्याच घरात तोच नियम कुठे सोडला जातो?

तीन वर्षांपूर्वी तापीकाठच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने यावर हात वर केला. म्हणाला, "सर, आमच्याकडे भाजीपाला बाजारात जातो त्याच्यावर फवारणी असते. घरी खायला एक वाफा वेगळा असतो. त्याच्यावर मारत नाहीत." वर्ग एकदम शांत झाला. मग मागून एकजण म्हणाला, आमच्याकडेही. मग आणखी चार-पाच जण. त्या मुलाचे आईबाप वाईट नाहीत. ते शेजाऱ्याच्या लग्नाला आठ दिवस राबतील, उसने पैसे व्याज न घेता देतील. पण त्यांच्या माणुसकीला एक कुंपण आहे, आणि बाजारात भाजी घेणारा माणूस त्या कुंपणाबाहेर उभा आहे. अभियंत्याचं सगळं काम या कुंपणाबाहेरच्या माणसासाठी असतं. पुलावरून जाणारा, नळाचं पाणी पिणारा, लिफ्टमध्ये चढणारा माणूस आपल्या ओळखीचा नसतो. मला वाटतं नीतिमत्तेच्या विषयात शिकवण्यासारखं जे काही आहे त्याचा गाभा इथे आहे : घरी जी काळजी आहे तिचं कुंपण बाहेर सरकवणं. नवी काळजी बाहेरून आणता येत नाही.

दुसरी गोष्ट मिठाची. 'खाल्ल्या मिठाला जागावं' हे आपल्या मुलांचं फार खोल मूल्य आहे. मोठ्यांपुढे उलट बोलू नये, हेही. ही दोन्ही मूल्यं चांगल्या घरांतून येतात आणि साइटवर दोन्ही माणसं मारू शकतात. इथे मी चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाची गोष्ट काढतो. ती सगळ्या पुस्तकांत आहे, पण पुस्तकांत ती थंडीत कडक होणाऱ्या रबरी रिंगांची गोष्ट होऊन बसते. २८ जानेवारी १९८६ ला उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले. आदल्या रात्रीच्या बैठकीत बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते सांगत होते की एवढ्या थंडीत उडवू नका. रॉजर बॉइजोली त्यांत होते. मग अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला वरिष्ठाने सांगितलं, तुझी अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापनाची घाल. त्याने घातली. मी मुलांना विचारतो : तुमच्या घरात वडिलांना, काकांना, मोठ्या भावाला तुम्ही शेवटचं 'नाही' कधी म्हणालात? ते कसं म्हणालात? मुली या प्रश्नावर मुलांपेक्षा जास्त बोलतात. एकीने पुढे शिकण्यासाठी घरी आठ महिने रोज 'नाही' म्हटलं होतं, आवाज न चढवता, स्वयंपाक करता करता. नासाच्या त्या बैठकीत असंच कुणी हवं होतं, असं मी तिला म्हणालो आणि ते मनापासून म्हणालो.

मिठाबद्दल वर्गात दरवर्षी वाद होतो. मीठ कुणाचं? पगार देणाऱ्या मालकाचं की बिल भरणाऱ्या गिऱ्हाइकाचं? सरकारी नोकरीत कराचा पैसा, म्हणजे त्या बाळंतिणीचंही मीठ. निकाल मी देत नाही. पाटकऱ्याचं पोट गाव का भरत होतं, एवढं फक्त सांगतो.

धडगावकडचा एक पावरा आदिवासी मुलगा दोन वर्षं वर्गात होता, क्वचित बोलायचा. एकदा धरणांचा विषय निघाला, कुणीतरी सरदार सरोवराची पूर्ण संचय पातळी सांगितली, १३८.६८ मीटर. तो म्हणाला, "आमचं घर त्या आकड्याच्या खाली होतं." अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं त्या पाण्याने बाधित झाली. बाकीच्या मुलांनी ही पातळी परीक्षेसाठी पाठ केली होती. तो आकडा म्हणजे कुणाच्या तरी चुलीची उंची आहे, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात पस्तीस वर्षांत पुरेसं आलं नव्हतं. धरण हवं की नको याचं उत्तर त्या तासाला निघालं नाही. पण त्यानंतर नकाशावर रेषा ओढताना ती मुलं खालच्या वस्तीचं नाव विचारू लागली.

संगणकाची मुलं मात्र म्हणतात, सर, आमच्या कोडने पूल पडत नाही. त्यांना मी डिझेल गाड्यांचं प्रकरण सांगतो. फोक्सवॅगनच्या गाड्यांतलं सॉफ्टवेअर धुराची तपासणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी करायचं. २०१५ मध्ये ते उघड झालं, आणि २०१७ मध्ये त्या कंपनीच्या एका अभियंत्याला अमेरिकेत ४० महिन्यांची शिक्षा झाली. परीक्षक आला की वेगळं वागायचं, असा तो प्रोग्राम होता. हे वाक्य बोलताना मला नेहमी आपल्या महाविद्यालयांतले तपासणी समितीचे दिवस आठवतात. एरवी कुलुपात असलेली उपकरणं टेबलावर येतात, वर्गात कधी न दिसलेली मुलं गणवेशात बसतात, तीन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं तीन दिवसांत लिहिली जातात. मुलं हे सगळं डोळ्यांनी पाहतात, कागद वाहून नेतात, प्रसंगी सह्याही तीच करतात. प्राचार्य महोदय, तुमच्या महाविद्यालयातला नीतिमत्तेचा सगळ्यात मोठा तास त्या तीन दिवसांत होतो. तो माझ्या चाळीस तासांना भारी पडतो.

यात तुमची कोंडी मला दिसते. जागा भरत नाहीत, पगार थकतात, मानांकन गेलं तर प्रवेश आणखी घटतील. मानांकन देणाऱ्या एनबीएच्या ज्या बारा निष्पत्ती (पदवीधराला काय यायला हवं त्याची यादी) आपण वर्षानुवर्षं भरल्या त्यांत आठवी नीतिमत्तेची होती, आणि सीओ-पीओच्या, म्हणजे विषयाच्या निष्पत्ती पदवीच्या निष्पत्तींशी जोडायच्या तक्त्यात तिच्यापुढे १, २ किंवा ३ लिहून आपण मोकळे झालो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने सार्वत्रिक मानवी मूल्यांचा अभ्यासक्रम आणला, प्रथम वर्षाच्या आरंभी तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम आणला. हेतू चांगला आहे आणि त्यात स्वतःकडे पाहायला सांगितलं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पण प्रत्यक्षात तो तास कुणाकडे जातो? ज्यांचा लोड कमी पडतो त्यांच्याकडे. त्या बिचाऱ्यांना स्लाइड मिळतात, सुसंवादावरची वाक्यं मिळतात, आणि मूल्य हा शब्द मुलांच्या कानाला इतका गुळगुळीत होतो की त्यावर काही टिकत नाही.

माझी विनंती अशी की हा विषय त्या त्या शाखेच्या शिक्षकाने घ्यावा, आणि तो पहिल्या वर्षात उरकून टाकू नये. काँक्रीट शिकवणाऱ्याने काँक्रीटच्या तासातच तो आणावा. मी वर्गात देतो तो प्रसंग असा : एम-२० काँक्रीट (२८ दिवसांत २० न्यूटन प्रति चौ.मि.मी. ताकद अपेक्षित), सात दिवसांच्या क्यूबची सरासरी ११ आली आहे, साधारण १३-१४ तरी यायला हवी होती. २८ दिवसांचा निकाल तीन आठवड्यांवर आहे. ठेकेदाराला परवा वरचा स्लॅब टाकायचा आहे, पाऊस तोंडावर आहे, मजुरांना थांबवलं तर ते गावी निघून जातील. आज संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तुम्ही काय करणार आणि रजिस्टरमध्ये कोणतं वाक्य लिहिणार? 'वरिष्ठांना कळवीन' हे उत्तर चालत नाही. कळवताना कोणते शब्द वापरणार, तेच शब्द लिहायचे. वर्गात मग खरी अभियांत्रिकी सुरू होते. कुणी क्यूब नीट भरले-भिजवले होते का विचारतं, कुणी हॅमर टेस्ट म्हणतं, कुणी कोअर (झालेल्या काँक्रीटमधून कापून काढलेला नमुना) काढायचं म्हणतं, मग आय.एस. ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक उघडावं लागतं, त्यात कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि कुठलाही एक कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको, हे वाचावं लागतं. आणि या सगळ्यात कुणीतरी हळूच म्हणतं, "क्यूब वेगळे भरले तर?" म्हणजे चाचणीसाठी चांगल्या मालाचे निराळे क्यूब. ते वाक्य आलं की मी थांबतो. फळ्यावर लिहितो : घरचा वाफा वेगळा.

भीतीबद्दलही बोलावं लागतं, आणि ते खोटं बोलून चालणार नाही. सत्येंद्र दुबे आयआयटी कानपूरचे अभियंता. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा म्हणून विनंती केली. २७ नोव्हेंबर २००३ ला गया इथे त्यांचा गोळ्या घालून खून झाला. मंजुनाथ षण्मुगम इंडियन ऑइलचे विक्री अधिकारी, त्यांचंही शिक्षण अभियांत्रिकीचं. भेसळीविरुद्ध उभे राहिले म्हणून नोव्हेंबर २००५ मध्ये लखीमपूर खेरीत मारले गेले. ही नावं सांगितली की मुलं खाली पाहतात. एकविसाव्या वर्षाच्या, घरावर कर्ज असलेल्या मुलाला 'असा हो' म्हणण्याचा मला अधिकार नाही आणि मी म्हणत नाही. मी त्यांना लहान पायऱ्या शिकवतो. तोंडी आदेश आला तर 'आपल्या सूचनेप्रमाणे' असं लिहून परत पाठवा. साइट ऑर्डर बुकात त्याच दिवशी नोंद करा. मोजायला एकटे जाऊ नका. न पाहिलेल्या आकड्यापुढे 'पाहिले नाही' एवढे दोन शब्द लिहा. पहिल्या नोकरीआधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकायचा प्रयत्न करा, कारण 'नाही' म्हणायला जीभ लागते तशी शिल्लकही लागते. हे शेवटचं कुठल्या नीतिशास्त्राच्या पुस्तकात मला दिसलं नाही, पण मला विचाराल तर ते पहिल्या पानावर हवं.

१५ सप्टेंबरला अभियंता दिनी आपण विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि दोन मेणबत्त्यांची (सरकारी कामाला सरकारी, स्वतःच्या कामाला स्वतःची) गोष्ट सांगतो. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागलेला तो तेवीस वर्षांचा मुलगा सुरुवातीच्या दिवसांत आपल्याच धुळ्याकडे होता, आणि पांझरेच्या पाण्यावर दातर्तीला पाइपांचा सायफन बांधत होता, हे आपल्या कितीजणांना ठाऊक आहे? दातर्ती साक्री तालुक्यात आहे. तिथे एकदा मुलांना न्या. तसबिरीपेक्षा तो नवा, कच्चा, पावसाने अडवलेला, नदीशी झगडणारा सहायक अभियंता त्यांच्या जास्त जवळचा आहे.

अमळनेरलाही न्या. १९१६ मध्ये प्रताप शेठजींनी, एका गिरणीमालकाने, तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. यंत्रं चालवणाऱ्या माणसाला तत्त्वज्ञानाची संस्था काढावीशी वाटली, हे आपल्या मातीतलं उदाहरण आहे. आपल्या भागातल्या तत्त्वज्ञानाच्या, समाजशास्त्राच्या शिक्षकांना बोलवा, पण भाषणाला नको. स्थापत्य आणि यंत्र विभागाच्या शिक्षकांबरोबर एका टेबलाला बसून क्यूबच्या प्रसंगावर वाद घालायला बोलवा.

या विषयाची तीन तासांची लेखी परीक्षा बंद करता येत नसेल तर निदान अंतर्गत गुण तरी वहीला द्या. वर्षभर मुलाने एक वही ठेवावी : कुठे सही केली, कुठे करायला नको होती, कुठे नाही म्हणालो, कुठे गप्प बसलो. वही शिक्षकाने वाचायची नाही, फक्त भरली आहे एवढं पाहायचं. खोटी भरतील असं मला काही प्राध्यापक म्हणाले. काही भरतीलच. पण न वाचली जाणारी वही खोटी लिहायचा मुलांना लवकर कंटाळा येतो, हे मी पाहिलं आहे.

आणि जर्नल. बाकी काही जमलं नाही तरी हे एक करा. येत्या सत्रात एका प्रयोगशाळेत, एकाच विषयात, ठरवा की जे रीडिंग मुलाने स्वतः घेतलं नाही त्यावर सही होणार नाही. बारा प्रयोगांऐवजी सहाच झाले तर सहा लिहा. प्रयोग फसला, क्यूब वेडावाकडा फुटला, तर तसं लिहा आणि त्याला पूर्ण गुण द्या. परीक्षकांना प्राचार्यांनी स्वतःच्या सहीने पत्र द्यावं की आमच्याकडे या वर्षी सहा प्रयोग झाले, सहाही खरे झाले.

दिवाळीनंतर पांझरेचं पाणी उतरतं, तेव्हा मी मुलांना घेऊन आमच्या गावचा जुना पाट दाखवायला जाणार आहे. बंधाऱ्यापासून शेवटच्या शेतापर्यंत चालायला पाऊण तास लागतो. मोजायची टेप आणि लेव्हल तुमच्या सर्व्हे लॅबमधून लागेल, मानधन नको. ज्या महाविद्यालयाला वीस मुलं आणि दोन प्राध्यापक पाठवता येतील त्यांनी कळवावं. प्राध्यापकांनीही चालायचं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त उपअभियंता
ता. साक्री, जि. धुळे